नाव काढून घेणाऱ्यांच्या कथा

गेल्या काही महिन्यांत मी इंग्रजीतील फॅन्टसी कादंबऱ्या बऱ्याच वाचल्या. यादी ठरवून केलेली नव्हती. काही पुस्तके मैत्रिणीने सुचवली, काही ग्रंथालयात समोर आली, आणि एखादे तर केवळ आकाराने लहान आहे म्हणून घेतले, कारण पहिल्या पानावर पर्वतरांगांचा नकाशा आणि शेवटी राजघराण्यांच्या वंशावळी असलेल्या जाडजूड ग्रंथांचा मला अलीकडे कंटाळा येऊ लागला आहे. तरीही वाचता वाचता असे दिसू लागले की यांतील बहुतेक कादंबऱ्यांचा गाभा नावाशी जोडलेला आहे. कुठे वस्तूचे खरे नाव जाणणारा तिच्यावर हुकूमत चालवतो, कुठे एका प्रांताचे नाव जगाच्या कानांतून पुसले जाते, कुठे निवेदकालाच स्वतःचे नाव ठाऊक नसते. ही पुस्तके एकामागोमाग वाचल्यामुळे माझे एक मत बनले, ते असे: नाव कळले की सत्ता मिळते एवढ्यावर थांबणाऱ्या कादंबऱ्या मिटल्याबरोबर विरून जातात; नाव ही माणसाकडून हिरावून घेता येणारी गोष्ट आहे हे ज्यांच्या लेखकांना उमगले आहे, त्या कादंबऱ्या दीर्घकाळ सोबत राहतात. पुढे कथानकांतील काही वळणे उघड होणार आहेत, याची न वाचलेल्यांनी नोंद घ्यावी.

सुरुवात उर्सुला ले ग्विन यांच्यापासून करणे भाग आहे. 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' ही १९६८ सालची कादंबरी किशोरवयीन वाचकांसाठी लिहिलेली आहे आणि आजच्या मानाने फारच छोटी आहे. असंख्य बेटांचा एक द्वीपसमूह, त्यातील गाँट नावाच्या डोंगराळ बेटावर शेळ्या राखणारा, आई लहानपणीच गेलेला एक मुलगा, आणि त्याच्या अंगी असलेली अफाट जादूची शक्ती, एवढ्या सामग्रीवर ले ग्विन बाई आपले जग उभे करतात. या जगात प्रत्येक माणसाला दोन नावे असतात. एक चारचौघांत वापरायचे, आणि दुसरे खरे, जे अगदी विश्वासातल्या व्यक्तीलाच सांगायचे, कारण ज्याला ते कळले त्याच्या हाती तुमचे प्राण. आपल्याकडे बारशाला कानात नाव सांगण्याची रीत आहे आणि पत्रिकेतले राशीचे नाव बरेचदा पत्रिकेतच राहते, त्यामुळे ही कल्पना मराठी वाचकाला परकी वाटण्याचे कारण नाही.

मात्र नामकरणाच्या प्रसंगातील एक बारकावा मला पूर्वी कधी जाणवला नव्हता. तेरा वर्षांचा झालेला हा मुलगा नदी ओलांडून पलीकडे जातो आणि तिथे त्याचा गुरू ओगियन त्याच्या कानात 'गेड' हे नाव सांगतो, हे बहुतेकांच्या लक्षात राहते. पण पाण्यात उतरण्यापूर्वी गावातली चेटकीण त्याचे 'डनी' हे नाव त्याच्याकडून काढून घेते, आणि ते त्याच्या मेलेल्या आईने ठेवलेले नाव असते. म्हणजे मधल्या काही पावलांपुरता तो बिननावाचा आहे, थंड पाण्यात, उघडा. देण्याआधी घेणे आले. ले ग्विन हे एका वाक्यात सांगून पुढे जातात, त्यावर रेंगाळत नाहीत, आणि माझ्या मते त्यांच्या शैलीचे सगळे सामर्थ्य अशा न रेंगाळण्यात आहे. रोक बेटावरील जादूच्या विद्यापीठातील नामविद्येचा आचार्य एका एकाकी मनोऱ्यात राहतो आणि विद्यार्थ्यांना नावांच्या याद्या पाठ करायला लावतो. मध्यरात्री त्या याद्यांची शाई उडून जाते, त्याआधी जे पाठ झाले तेवढेच तुमचे. जादूची शाळा दाखवणारी पुढची पुस्तके मी वाचली आहेत, पण घोकंपट्टीचे असे रूक्ष, आणि म्हणून विश्वसनीय, चित्र दुसरीकडे पाहिले नाही.

लेखिकेच्या घरातील एक गोष्ट इथे सांगण्याजोगी आहे. त्यांचे वडील आल्फ्रेड क्रोबर हे विख्यात मानववंशशास्त्रज्ञ होते. १९११ साली उत्तर कॅलिफोर्नियात ओरोव्हिल गावाजवळ 'याही' नावाच्या आदिवासी जमातीचा, आपले सर्व लोक गमावलेला एकटा माणूस सापडला, तेव्हा त्याला सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात आणून त्याची भाषा व जीवनपद्धती नोंदवून घेण्याच्या कामात क्रोबर होते. त्या माणसाने आपले नाव अखेरपर्यंत सांगितले नाही, कारण त्याच्या लोकांच्या रीतीप्रमाणे ते स्वतःच्या तोंडाने सांगायचे नसे आणि त्याची ओळख करून देणारे दुसरे कोणी उरले नव्हते. 'इशी' हे नाव क्रोबर यांनी ठेवलेले, त्याचा अर्थ त्याच्या भाषेत नुसता 'माणूस'. तो १९१६ साली वारला, ले ग्विन यांचा जन्म १९२९ चा. पण त्यांच्या आईने, थिओडोरा क्रोबर यांनी, इशीचे चरित्र लिहिले आणि ते १९६१ साली, म्हणजे अर्थसीच्या काही वर्षे आधी, प्रसिद्ध झाले. यावरून कादंबरीचे मूळ इशीत आहे असे मी म्हणणार नाही, तसे म्हणण्याला माझ्याकडे आधार नाही. ज्या घरात ही हकीकत ठाऊक होती त्या घरातील मुलीने नाव राखून ठेवणाऱ्या माणसांचे जग रचले, एवढेच मी म्हणेन.

दुसरा भाग, 'द टूम्ब्ज ऑफ अटुआन', १९७१ सालचा, मला पहिल्याहून सरस वाटला. कारगाद देशातील टेनार नावाची लहान मुलगी पूर्वीच्या पुजारिणीचा पुनर्जन्म मानली जाते, आईवडिलांपासून तोडून तिला वाळवंटातील थडग्यांच्या देवळात आणले जाते, आणि विधिपूर्वक तिचे नाव काढून घेऊन तिला 'आर्हा', म्हणजे गिळली गेलेली, असे संबोधले जाते. त्यानंतर पुस्तकाचा अर्ध्याच्या आसपासचा भाग काळोखात, जमिनीखालच्या भुयारांत घडतो, जिथे दिवा लावायला बंदी आहे आणि भिंतींना हात लावून वळणे मोजत जावे लागते. नायक गेड इथे उशिरा येतो, तोही चोर म्हणून, आणि तिचा कैदी होतो. तो तिच्यावर कोणताही मोठा मंत्र टाकत नाही. तो तिला तिचे नाव परत सांगतो, इतकेच. आर्हाच्या नामविधीचे प्रकरण वाचताना मला ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिले जाणारे नववधूचे नवे नाव आठवत राहिले. माझ्या आजीचे माहेरचे नाव आम्हा नातवंडांना ती गेल्यानंतर कळले. त्याबद्दल घरात कोणाला काही विशेष वाटले नव्हते, आणि हे विशेष न वाटणेच ले ग्विन यांनी त्या देवळातील वृद्ध पुजारिणींच्या वागण्यात नेमके पकडले आहे.

चौथा भाग 'तेहानू' १९९० साली, तिसऱ्या भागानंतर अठरा वर्षांनी आला. टेनार आता मध्यमवयीन आहे, एका शेतकऱ्याची विधवा, गेडची शक्ती संपलेली आहे, आणि दोघांच्या मध्ये आपल्याच माणसांनी आगीत ढकललेली एक लहान मुलगी आहे. पहिल्या भागात 'बाईच्या जादूइतके दुबळे' आणि 'बाईच्या जादूइतके दुष्ट' अशा दोन म्हणी गाँट बेटावर प्रचलित असल्याचे सहज सांगून टाकले होते. त्या म्हणी कोणी रचल्या आणि कोणाच्या सोयीसाठी, हे विचारायला लेखिका वीस-बावीस वर्षांनी स्वतःच परत आली. आपल्याच लाडक्या जगाची अशी झडती घेणारा लेखक विरळा. कादंबरी म्हणून ती काही ठिकाणी अडखळते, संवाद वादविवादाकडे झुकतात, खलपुरुष फारच एकरंगी आहे. तरी मला ती या मालिकेतील सर्वांत धाडसी वाटते.

गाय गॅव्हरिएल के यांची 'टिगाना' याच वर्षीची, १९९० ची. हे कॅनेडियन लेखक तरुणपणी जे. आर. आर. टॉल्किन यांचे पुत्र ख्रिस्तोफर यांना वडिलांच्या 'द सिल्मरिलियन'च्या संपादनात मदत करत होते, पण त्यांची स्वतःची वाट वेगळी आहे. ते इतिहासातला एखादा काळ घेतात आणि त्याला किंचित बाजूला सरकवून लिहितात. इथे तो काळ परस्परांत भांडणाऱ्या नगरराज्यांच्या इटलीचा आहे. एका द्वीपकल्पाचे दोन जादूगार आक्रमकांनी लचके तोडलेले आहेत. त्यांतील ब्रँडिन या राजाचा मुलगा टिगाना प्रांताशी झालेल्या लढाईत मारला जातो, आणि पुत्रशोकाने पेटलेला बाप प्रांत बेचिराख करूनही थांबत नाही. तो असा मंत्र घालतो की त्या प्रांतात जन्मलेल्यांखेरीज कोणालाही त्याचे नाव ऐकूच येऊ नये. तुम्ही ते उच्चारले तर समोरच्याला नुसता पुसट आवाज ऐकू येतो. शेवटची पिढी मेली की नाव संपले. त्या प्रांताला शेजारच्या शत्रुप्रांताचे नाव जोडून 'लोअर कोर्टे' म्हटले जाते, आणि तेथील एका सुंदर शहराला मेलेल्या राजपुत्राचे नाव चिकटवले जाते.

सूडाची याहून भेदक कल्पना मी कुठल्या फॅन्टसीत वाचलेली नाही. मंत्राला मुदत आहे, ती माणसांच्या आयुष्याइतकी. त्यामुळे कथेतील प्रत्येक म्हाताऱ्याचा मृत्यू राजकीय घटना होऊन बसतो. आणि लेखकाचे मोठेपण असे की ब्रँडिन हा राक्षस नाही. तो रसिक आहे, संगीताचा भोक्ता आहे, त्याला ठार मारण्यासाठी त्याच्या अंतःपुरात शिरलेली टिगानाचीच डियानोरा त्याच्या प्रेमात पडते, आणि वाचकही थोडासा पडतो. ज्याच्यामुळे आपल्या गावाचे नाव कोणाला ऐकू येत नाही त्याच्याशी रात्री गप्पा मारत बसणाऱ्या या बाईची प्रकरणे पुस्तकाचा कळस आहेत. दुसऱ्या बाजूला, टिगानाचा राजपुत्र अलेस्सान एका जादूगाराला त्याच्या इच्छेविरुद्ध स्वतःशी बांधून घेतो, स्वातंत्र्यासाठी एका माणसाचे स्वातंत्र्य हिरावतो, आणि हे पाप लेखक झाकत नाही.

पण तक्रारी आहेत, आणि त्या लहान नाहीत. पात्रे वारंवार रडतात; गाणे ऐकले की डोळे भरून येतात, डोळे भरलेले पाहून तिसऱ्याचा कंठ दाटतो, आणि दर काही पानांनी लेखक आपल्याला आगाऊ सांगतो की हा क्षण यांना आयुष्यभर आठवणार आहे. रात्री स्वप्नात जाऊन पिकांसाठी लढणाऱ्या लोकांचे मधले प्रकरण स्वतंत्रपणे सुरेख असले तरी मुख्य कथेत ते ठिगळासारखे दिसते. सहाशेहून अधिक पानांतून दीडशे सहज कापता आली असती. हे सगळे मान्य करूनही, नाव ऐकू न येण्याचा पहिला प्रसंग ज्या प्रकरणात येतो ते प्रकरण वाचल्यावर मी त्या रात्री पुढे वाचू शकले नाही.

पॅट्रिक रॉथफस यांच्या 'द नेम ऑफ द विंड'विषयी थोडक्यात आटोपते, कारण त्याचे चाहते अमाप आहेत आणि माझे मत त्यांना रुचणार नाही. २००७ सालच्या या कादंबरीचा नायक क्वोथ गातो उत्तम, वाजवतो उत्तम, शिकतो सगळ्यांपेक्षा लवकर, भांडतो सगळ्यांशी आणि पुढे वाऱ्याचे नावही जाणतो. नाव इथे निव्वळ बक्षीस आहे. ते कळण्याने नायकाचे काही जात नाही. पुस्तकातील खरी थरारक गोष्ट जादूची नाही, फीची आहे: दर सत्रापूर्वी आचार्यांपुढे तोंडी परीक्षा, त्यावरून ठरणारी रक्कम, आणि सावकाराकडून काढलेले कर्ज. गरीब हुशार मुलाची ही धडपड इतकी खरी उतरली आहे की बाकीचा डामडौल नकोसा होतो. दुसरा भाग २०११ साली आला आणि तिसऱ्याची वाट पाहणारे वाचक अजून वाटच पाहत आहेत. मी त्यांच्यात नाही.

एन. के. जेमिसिन यांची 'द फिफ्थ सीझन', २०१५ सालची, मात्र अंगावर आली. या कादंबरीला विज्ञानकथा आणि फॅन्टसीसाठी दिला जाणारा ह्युगो पुरस्कार २०१६ साली मिळाला, आणि पुढच्या दोन्ही भागांना लागोपाठच्या वर्षी मिळून सलग तीन वर्षे हा पुरस्कार एकाच लेखिकेकडे राहिला. सतत भूकंप होणारे एक खंड आहे, ज्याला तिथले लोक 'स्टिलनेस', म्हणजे निश्चलता, म्हणतात. विनोद एवढ्यावरच संपतो. भूमीची हालचाल मनाने थोपवू शकणारे काही लोक तिथे जन्माला येतात, आणि ज्यांच्यामुळे सगळे जिवंत आहेत त्यांनाच सगळे तुच्छ लेखतात, घाबरतात, संधी मिळताच मारतात. कथा सुरू होते ती एका आईपासून, जिच्या लहान मुलात ही शक्ती आहे हे कळताच त्याच्या बापानेच त्याला मारून टाकले आहे. तिची प्रकरणे 'तू' असे संबोधून लिहिलेली आहेत. सुरुवातीला ही क्लृप्ती मला ओढूनताणून आणलेली वाटली, शेवटाकडे तिचे कारण कळते आणि मग तक्रार उरत नाही.

या समाजात माणसाचे पूर्ण नाव तीन भागांचे असते: स्वतःचे, समाजातील उपयोगावरून ठरलेल्या गटाचे, आणि वस्तीचे. आपत्तीचा काळ आला की वस्तीची फाटके बंद होतात आणि आत कोणाला ठेवायचे हे मधल्या नावावरून ठरते. आडनाव विचारून समोरच्याची जात काढणाऱ्या आणि मग घर भाड्याने द्यायचे की नाही ते ठरवणाऱ्या आपल्या समाजातील वाचकाला ही व्यवस्था समजावून घ्यायला परिशिष्ट लागत नाही. भूमी थोपवणाऱ्यांना ताब्यात घेऊन शिकवणारी संस्था त्यांचे गट आणि वस्ती ही दोन्ही नावे काढून घेते आणि त्यांना खडकांची, खनिजांची नावे घ्यायला लावते. अशी शक्ती असलेल्या लहान डमायाला तिथे नेणारा 'पालक', म्हणजे या लोकांवर नेमलेला रखवालदार, वाटेत तिचा हात जाणूनबुजून मोडतो, तिचा स्वतःवर ताबा आहे का हे पाहण्यासाठी, आणि हे आपण प्रेमापोटी करतो असे तिला समजावतो. याहून हिंस्र प्रसंग पुस्तकात आहेत, पण त्या पालकाच्या आवाजातील मार्दव मला सर्वांत असह्य झाले. नंतर यिक्का नावाची एक बाई भेटते, जी या लोकांना हिणवण्यासाठी वापरला जाणारा शब्दच आपल्या नावाच्या मध्यभागी, गटाच्या जागी, मिरवते. दया दाखवणारी नावे नाकारून स्वतःचे नाव स्वतः निवडणाऱ्या दलित साहित्याशी ज्यांचा परिचय आहे, त्यांना तिच्या पहिल्या वाक्यातला ताठा ओळखीचा वाटेल.

कॅथरिन ॲडिसन यांची 'द गॉब्लिन एम्परर' (२०१४) या सगळ्यांत सौम्य. वडील आणि थोरले भाऊ हवाई जहाजाच्या अपघातात एकदम गेल्यामुळे, दूर कोपऱ्यात अपमानित जिणे जगणारा माया हा नावडता मुलगा सम्राट होतो. राज्यारोहणाचे नाव घेताना तो बापाचे नाव पुढे चालवत नाही, हा त्याचा पहिला राजकीय निर्णय, आणि दरबार तो अचूक वाचतो. बाकी दरबारी नावे इतकी लांब आणि परस्परांसारखी आहेत की मी काही मंत्र्यांना शेवटपर्यंत एकच समजत होते. चांगुलपणा कंटाळवाणा न होऊ देता लिहिणे अवघड असते, ते इथे जमले आहे.

राहिली सुझॅना क्लार्क यांची 'पिरानेसी', २०२० सालची, जिला पुढच्या वर्षी विमेन्स प्राइझ हे लेखिकांच्या कादंबऱ्यांसाठीचे पारितोषिक मिळाले. माझे वर मांडलेले मत या छोट्या कादंबरीने अडचणीत आणले आहे. निवेदक एका अथांग वास्तूत राहतो. दालनांमागून दालने, प्रत्येकात पुतळे, खालच्या मजल्यांवर समुद्र, वरच्या मजल्यांवर ढग. तो मासे आणि शेवाळ खाऊन राहतो, भरती-ओहोटीची कोष्टके मांडतो, मृतांच्या अस्थींची देखभाल करतो, आणि अल्बट्रॉस पक्ष्याचे जोडपे आले तेव्हा स्वतःचे वाळवलेले शेवाळ त्यांच्या घरट्यासाठी देऊन टाकतो. त्या वर्षाला नावही तो त्या पक्ष्यावरूनच देतो. मंगळवारी आणि शुक्रवारी भेटणारा एक सुटाबुटातला गृहस्थ त्याला 'पिरानेसी' म्हणतो, आणि निवेदक निरागसपणे नोंदवतो की हे आपले नाव नसावे.

खरा पिरानेसी अठराव्या शतकातील इटालियन चित्रकार, ज्याची काल्पनिक तुरुंगांची प्रसिद्ध कोरीव चित्रे आहेत. म्हणजे कैद्यालाच तुरुंग काढणाऱ्याचे नाव देण्याची ही कुचेष्टा आहे. निवेदकाचे खरे नाव कोणी आणि कसे काढून घेतले ते हळूहळू त्याच्याच जुन्या वह्यांतून बाहेर येते, आणि तो भाग रहस्यकथा म्हणूनही पक्का बांधलेला आहे. माझ्या हिशेबाने इथे टेनारसारखे नाव परत मिळायला हवे होते आणि त्याबरोबर माणूसही. नाव मिळते, परंतु ते ज्याचे होते तो माणूस गर्विष्ठ, कोरडा आणि काहीसा नकोसा होता, आणि सगळे हिरावले गेल्यानंतर घडलेला हा दुसरा माणूस त्याच्याहून कितीतरी चांगला आहे. क्लार्क त्याला दोन्ही नावांत बसवत नाहीत. ज्या गुन्ह्याने एक माणूस पुसला गेला त्याच गुन्ह्यातून आपल्याला आवडणारा माणूस निर्माण झाला, हे मान्य करायला माझे मन अजून तयार नाही, आणि लेखिकेने हे इतक्या प्रसन्न शैलीत मान्य करायला लावावे याचा मला थोडा रागही आहे. पुस्तक मैत्रिणीला वाचायला दिले आहे. तिला जुना माणूस अजिबात नकोसा वाटला नाही असे तिचे म्हणणे आहे, तेव्हा यावर आमचे भांडण चालूच राहील.